विहिरीपाशी चार मिनिटं दहा सेकंद

माझे सासरे, सिनेदिग्दर्शक अर्झुमा तापसोबा, वारले तेव्हा राजधानीत, वागाडुगूत, तीन दिवस झेंडे अर्ध्यावर होते आणि परदेशातून आलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्या शवपेटीपुढे बावीस मिनिटं भाषण केलं. ती मूठमाती सरकारची होती. घरचं उत्तरकार्य पुढच्या उन्हाळ्यात गावी व्हायचं होतं, आणि त्याला सासऱ्यांनी स्वतः हजर राहणं आवश्यक होतं.

ते काम माझ्याकडे आलं.

माझ्या सासरच्या मोसी लोकांच्या उत्तरकार्यात मेलेल्या माणसाची जागा घरातली एखादी सून घेते. तिला कुरिता म्हणतात. ती त्याचे कपडे घालते, त्याच्यासारखी चालते, खोकते, खेकसते. त्याची मुलं तिला बाबा म्हणतात, त्याचे मित्र तिच्याशी जुनी भांडणं उकरून काढतात. सूर्य मावळून कार्य संपलं की ती पुन्हा सून होते आणि भांडी घासायला बसते.

कुरिता कोण होणार हे कुळातले थोरले, नोबिला काका, ठरवतात. सगळ्यांना वाटत होतं की माझ्या थोरल्या जाऊबाई होणार. त्या बोलक्या आहेत, नाचतात, मंत्र्यांची नक्कल करून मंत्र्यांनाच हसवतात.

"ती नक्कल करील," काका म्हणाले. "मला नक्कल नको, अर्झुमा हवाय. ही फेलिसिते कुरिता होईल. चौदा वर्षं ही पोरगी पंगतीत गप्प बसून त्याच्याकडे बघत आलीय."

"काका, मला ओरडता येत नाही," मी म्हणाले.

"मग शीक. तोही काही आईच्या पोटातून ओरडत आला नव्हता."

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादी गोष्ट करायची म्हटली की आधी निरीक्षणं लिहून काढते. सासऱ्यांची मी एकतीस निरीक्षणं लिहिली. डावं पाऊल बाहेर टाकून चालतात. मंत्र्यापासून मेंढपाळापर्यंत सगळ्यांना 'बाळ' म्हणतात. खोटं बोलण्याआधी दोनदा घसा साफ करतात. खरं बोलण्याआधी काय करतात, हे पुरेशा नोंदींअभावी सांगता येत नाही.

माणूस तरुणपणी कसा होता तेही कुरिताला माहीत असावं लागतं, म्हणून मी त्यांचा विहिरीचा सिनेमा पुन्हा लावला. बेचाळीस वर्षांपूर्वीचा. ज्याच्यामुळे ते ते झाले तो. त्यातला विहिरीपाशी घडणारा तुकडा जगभर सिनेमाच्या शाळांत दाखवतात. एक मुलगी घडा घेऊन कोरड्या विहिरीपाशी येते आणि काठावर बसते. बस्स. कॅमेरा हलत नाही, मुलगी हलत नाही. चार मिनिटं दहा सेकंद. आणि मग एकाएकी मागच्या वारुळाआडून ठिपकेवाल्या रानकोंबड्यांचा थवा फडफडत उठतो आणि मुलगी हसते. त्या रानकोंबड्या म्हणजे पूर्वजांचे आत्मे, असं एका जर्मन प्राध्यापकानं लिहिलंय. सासरे प्रत्येक जाहीर मुलाखतीत दोनदा घसा साफ करून सांगायचे, "त्या पाखरांसाठी मी तीन दिवस वाट पाहिली, बाळ."

आणि प्रत्येक वेळी मागच्या रांगेतून त्यांचे कॅमेरामन एलोई तोए उठायचे.

"तीन दिवस? अरे गुलामा, तू वारुळामागे बसला होतास! जुलाब लागले होते तुला! थांबा म्हणायला कोणी नव्हतं म्हणून मी कॅमेरा चालू ठेवला. तू उठलास आणि पाखरं उडाली!"

सभागृह हसून लोळायचं. सगळ्यात जास्त सासरे हसायचे, डोळे पुसत म्हणायचे, "बघा, कुत्र्याचं डोकं खाऊन आलाय. डोक्यावर परिणाम होणारच."

तोए काका सामो जमातीचे आहेत. मोसी आणि सामो एकमेकांची थट्टा करतात, ती करावीच लागते; आजे-पणजे तसं ठरवून गेलेत. सामोनं मोसीला गुलाम म्हणायचं, मोसीनं सामोला कुत्रेखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं कोणी नाही. रागावला तो मूर्ख. त्यामुळे वारुळाची गोष्ट देशभर पसरली ती सामोंनी केलेली सर्वांत झकास थट्टा म्हणून. लग्नांत सांगतात, रेडिओवर सांगतात. मीही चौदा वर्षं हसले.

त्या दिवशी मात्र मी तो तुकडा सहा वेळा पाहिला. घार आली की पाखरं एका बाजूला पळतात. ही सगळीकडे पळाली होती, पाण्यात दगड पडल्यावर थेंब उडतात तशी, एका जागेपासून लांब. त्या जागेवर काहीतरी अचानक उभं राहिलं होतं, आणि ते कोंबडीपेक्षा बरंच मोठं होतं.

मी तोए काकांच्या घरी गेले. ते अंगणात आंब्याखाली बसून शेंगा फोडत होते. वय एकोणऐंशी.

"ये गं, गुलामाच्या सुने. माझा गुलाम कसा आहे? अजून मेलेलाच?"

"काका, वारुळाची गोष्ट खरी आहे का?"

त्यांनी शेंग खाली ठेवली. "तू मूळची कुठली?"

"रेओ गावची. जमातीनं ग्वुरुन्सी."

"म्हणजे तुझी-माझी थट्टा नाही."

"नाही."

"बेचाळीस वर्षांत हा प्रश्न विचारणारी तू पहिली. बाकीचे म्हणतात, काका, ती गोष्ट सांगा ना. विचारत कोणी नाही. माझी नातवंडंसुद्धा हसतात, गं. तो तुकडा मी काढलाय. त्यानं मुलीला बसवलं, मला म्हणाला सुरू कर, आणि पोट धरून पळाला. पुढचं सगळं माझं. बंद कधी करायचं ते माझं. मी केलं नाही, तेही माझं."

"तुम्ही गंभीरपणे का नाही सांगितलंत कधी?"

"सामोनं मोसीबद्दल गंभीरपणे काही सांगितलं की लोक आणखी हसतात. म्हणतात, काय चेहरा करतो बघ!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आता मंत्रालयवाले पितळी फलक करतायत. त्यावर ते विहिरीचं चित्र आणि खाली लिहिणार, 'चार मिनिटं दहा सेकंद, अर्झुमा तापसोबा'. पितळ पुसता येत नाही, पोरी. मला मान नको, हार नको. कोणीतरी एकदा न हसता हे ऐकून घ्यावं, एवढंच हवंय. त्या फलकाच्या आधी."

"साक्षीदार?"

"एक आहे. तुझी सासू. तेव्हा ती आमच्या चित्रीकरणाच्या नोंदी ठेवायची."

सासूबाई, तालाटो त्यांचं नाव, तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं. त्यांनी सूप जोरात आपटलं.

"मेलेल्या माणसाच्या पोटाची चौकशी करतेस? शिकलीस ती हेच का?"

"आई, हो की नाही एवढंच सांगा."

"खडे बघ तांदळातले. ते जास्त कामाचं आहे."

म्हणजे माझ्याकडे एक निरीक्षण होतं आणि एक साक्षीदार, ज्याचा स्वतःचाच फायदा होता. एवढ्यावर मी प्रयोगशाळेत एखाद्या विहिरीचं पाणीसुद्धा नापास करत नाही.

कार्याच्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांचा हातमागाचा सदरा घातला, त्यांची गवती टोपी घातली, त्यांचं घड्याळ मनगटावर बांधलं. ते कोपरापर्यंत घसरत होतं. माझा नवरा पास्काल समोर आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाबा, गाडीच्या चाव्या द्याल?"

"तुला चालवता येत नाही, बाळ," मी म्हणाले.

त्याचे डोळे भरले. अंगण हसलं. जाऊबाईंनी हात जोडून मला मान्यता दिली.

दुपारी चारच्या सुमारास मंत्रालयाचे संचालक फलक घेऊन आले. फलकावर पांढरं कापड होतं. मी, म्हणजे सासरे, ढोलांच्या मागे डावं पाऊल बाहेर टाकत त्यांना आत आणायला निघाले, तर अंगणाच्या दारातच तोए काका बसलेले. सासऱ्यांची घडीची खुर्ची त्यांनी पळवली होती. मागे आठ सामो काठ्या घेऊन उभे.

"कोणी आत जायचं नाही, कोणी बाहेर यायचं नाही!" तोए काका म्हणाले. "आमचा गुलाम आम्हाला न विचारता मेलाय!"

हे अपेक्षितच होतं. सामोंनी अडवलं नसतं तर उलट घरच्यांना अपमान वाटला असता. अशा वेळी अडवणाऱ्याला काहीतरी देऊन उठवायचं असतं. जाऊबाईंनी शेंगांची टोपली आणली. तोए काकांनी ती मांडीवर घेतली. मग ज्वारीच्या दारूनं, दोलोनं, भरलेला भोपळा आला. त्यांनी तो मागच्यांना दिला. मग कोंबडा आला. त्यांनी कोंबडा काखेत धरला.

आणि उठले नाहीत.

तिसरी भेटवस्तू मिळाली की उठायचं असतं. नोबिला काका पुढे झाले. "काय रे कुत्रेखाऊ, पोट भरलं ना?"

"भरलं."

"मग ऊठ. पाहुणे उन्हात आहेत."

"अर्झुमाला एक प्रश्न विचारायचाय. त्यानं उत्तर दिलं की उठतो." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अर्झुमा, विहिरीचा तो तुकडा कोणाचा?"

अंगण आधीच हसायला लागलं होतं. दोनशे लोकांना पुढचं पाठ होतं. संचालकांनी घाम पुसत फलकावरचं कापड सारखं केलं. रेडिओवाल्या बाईंनी यंत्र पुढे धरलं. तोए काका मात्र हसत नव्हते. लोकांना वाटत होतं, काय झकास करतोय म्हातारा.

मी कुरिता होते. अर्झुमा तापसोबा काय म्हणाले असते, तेच मला म्हणायचं होतं. मी दोनदा घसा साफ केला.

"त्या पाखरांसाठी मी तीन दिवस वाट पाहिली, बाळ."

अंगण कोसळलं. एक म्हातारी हसता हसता भिंतीला टेकली. "हुबेहूब! मेला तरी मेला नाही!"

तोए काका म्हणाले, "हो. तोच आहे." अगदी हळू म्हणाले. मान खाली घातली. पण खुर्ची सोडली नाही.

आता मी कबुली दिली तरी तिची थट्टाच होणार, हे मला दिसत होतं. मोसी अर्झुमा सामो एलोईला जे काही सांगेल ते हसण्यावारी जाणार. म्हणून मी बोलायचं सोडून दिलं.

निरीक्षण क्रमांक एकोणीस: सासरे घाईनं संडासला जाताना आधी घड्याळ काढून जवळ जो असेल त्याच्या हातात द्यायचे. लग्नाआधी त्यांचं एक घड्याळ खड्ड्यात पडलं होतं आणि ते दुःख त्यांना जन्मभर पुरलं. घरात प्रत्येकानं ते घड्याळ कधी ना कधी धरलंय.

मी पोटावर हात दाबला. चेहरा वाकडा केला. घड्याळ काढलं, आणि घराच्या दारातल्या चटईवर बसलेल्या सासूबाईंच्या पुढ्यात धरलं. त्या कार्याच्या पांढऱ्या वस्त्रात होत्या. विधवेनं त्या दिवशी थट्टेत पडायचं नसतं, आणि सकाळपासून त्या कोणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी सवयीनं हात पुढे केला आणि घड्याळ घेतलं. मी गुडघे जुळवून, तुरुतुरु, कणगीमागे पळाले आणि उकिडवी बसले.

त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे.

आधी मोठं हसू ऐकू आलं. ते हळूहळू विरलं, कारण बाहेर काहीतरी चालू होतं. मग नोबिला काकांचा आवाज: "वहिनी? घड्याळात काय बघताय?"

"मोजतेय," सासूबाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही.

"तेव्हाही मोजलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी असंच माझ्या हातात दिलं आणि पळाले. मी त्यांची कोणीही नव्हते तेव्हा. पहिल्यांदा मला काही दिलं असेल तर हे घड्याळ. मला वाटलं, लगेच येतील. एलोई कॅमेऱ्याला चिकटला होता. मी नोंदवहीत लिहिलं, चार मिनिटं दहा सेकंद. मग ते वारुळामागे उठले."

"म्हणजे, मॅडम," संचालकांचा आवाज आला, "पाखरं..."

"पाखरं काय करणार? त्यांच्यामध्ये एवढा मोठा माणूस उभा राहिला."

दोनशे माणसं गप्प होती. मोसींच्या कार्यात इतकी शांतता मी आजवर ऐकलेली नाही. त्या शांततेत फक्त कोंबडा ओरडला, कारण तोए काकांनी त्याला जरा जास्तच आवळलं होतं.

"वहिनी, तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?" नोबिला काका म्हणाले.

"मला विचारलं कोणी? सगळे हसत होते. आणि नवऱ्याचे जुलाब मी होऊन सांगू?" "पण आता सांगतेच आहे तर सगळं सांगते. आदल्या रात्रीची चवळी कोणी शिजवली होती, तेही विचारा त्याला."

सगळ्यांनी तोए काकांकडे पाहिलं असणार, कारण ते म्हणाले, "मी."

"आणि ती कच्ची होती."

"थोडी कच्ची होती," तोए काका म्हणाले. "लाकडं ओली होती."

मी कणगीमागून बाहेर आले. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. कुरिताकडे कोणी बघू नये, ही तशी मोठी नामुष्की, पण मी ती सोसली.

संचालक सज्जन माणूस होते. त्यांनी फलक खाली टेकवला, कापड काढलं, आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "तोएसाहेब, हा मी परत नेतो. नवा करून घेऊ. काय लिहायचं तुम्ही सांगा."

"वर सिनेमाचं नाव. खाली, दिग्दर्शक तापसोबा. ते त्याचंच आहे, सिनेमा त्याचाच आहे. मग, कॅमेरा, एलोई तोए." त्यांनी जरा विचार केला. "आणि रानकोंबड्या, अर्झुमा तापसोबा. तेवढं श्रेय मी त्याचं घेणार नाही."

संचालकांनी खिशातून कागद काढून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

रेडिओवाल्या बाई पुढे आल्या. तरुण होत्या, मोसी होत्या, आणि आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. "तोएसाहेब, तो तुकडा तुम्ही कसा काढलात, सांगाल का?"

तोए काका खुर्चीतून उठले. कोंबडा सुटून पळाला. हे उत्तर त्यांनी बेचाळीस वर्षं दिलं होतं, पण मध्ये मध्ये हसण्यासाठी जागा सोडून. आता त्या जागा तशाच राहिल्या.

"कॅमेरा चालू होता," ते म्हणाले. "मुलगी बसली होती. मी बंद केला नाही."

"का नाही केलात?"

"ती कंटाळली होती. अभिनय संपला होता तिचा. पहिल्या मिनिटालाच संपला. मग ती खरीच कंटाळली. घड्यावर नखानं काहीतरी काढत होती. कंटाळलेलं माणूस बघण्यासारखं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हटलं, आणखी थोडं बघू या."

कोणी हसलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही." त्यांनी पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी पुन्हा ऐकून घेतलं.

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर मात्र तोए काका अस्वस्थ झाले. अंगणभर नजर फिरवली. दोनशे मोसी आदरानं त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूर्य मावळायला अजून वेळ होता. टोपी माझ्या डोक्यावर होती.

मी डावं पाऊल बाहेर टाकून पुढे झाले आणि पहिल्यांदाच पोटातून ओरडले.

"काही ऐकू नका याचं! कॅमेरा बंद करायचं बटण कुठे असतं, ते याला माहीत नव्हतं, बाळांनो!"

"गुलामा!" तोए काका गरजले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "चवळी पचत नाही आणि बटणाच्या गोष्टी करतोय!"

मग अंगण हसलं. त्यांनी दारातली खुर्ची स्वतः उचलली, वाट मोकळी केली, आत येऊन ती कणगीच्या सावलीत मांडली, आणि मी बसायला वाकले तेवढ्यात तीवर स्वतःच बसले.

"तू उभा राहा," ते म्हणाले. "तू आज मेलेला आहेस. तुझे पाय दुखत नाहीत."